फोटोत नसलेली बाजू

मुलुंड (पूर्व)
१७ नोव्हेंबर २०२४

शर्मिष्ठा,

पाकीट फोडलंस म्हणजे निम्मं काम झालं. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस. बोरिवलीला तुझ्या गेटवर आलो तर वॉचमनने ‘मॅडम घरात नाहीत’ म्हणून परत पाठवलं, आणि वर बघतो तर तू गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होतीस. राहता राहिलं पोस्ट. ख्यालीखुशाली विचारत नाही, कारण तू सांगणार नाहीस. सरळ कामाचं लिहितो. मला तुझं नाक हवं आहे. नाक, कपाळ, हनुवटी आणि जमलं तर मान. एका शनिवारी, तासाभरासाठी.

आता कारण सांगतो. सप्टेंबरपासून मी साकीनाक्याला शिल्पकलेच्या वर्गाला जातो. हसायचं असेल तर हसून घे. आयुष्यभर लोकांच्या बिल्डिंगांचे नकाशे काढले, रिटायर झाल्यावर बागेत चकरा मारणाऱ्यांची पेन्शनपुराणं ऐकवेनात, म्हणून गेलो. चेतना नावाची चाळिशीची बाई शिकवते. आर्ट स्कूलमध्ये शिकलेली आहे, आणि तिचे वडील भीमराज हेही मूर्तिकार होते. त्यांच्याच गाळ्यात वर्ग चालतो. खालच्या मजल्यावर लेथ मशीन, वर आम्ही सहा-सात जण मातीत हात घालून बसलेले.

पहिल्या दिवशी तिने एवढंच सांगितलं की शिल्प तीन प्रकारे होतं. दगडातून किंवा लाकडातून नको ते काढून टाकायचं, ते कोरणं. माती लावत लावत वाढवायचं, ते घडवणं. आणि साच्यात प्लास्टर किंवा वितळलेलं पितळ ओतायचं, ते ओतकाम. कोरताना चुकलं की दगड परत येत नाही. माती मात्र हवी तितक्या वेळा लावता येते. म्हणून माझ्यासारख्या नवशिक्याला तिने मातीवर बसवलं.

मी गार्गीचं डोकं करायला घेतलं. समोर फोटो ठेवून दोन महिने खपलो आणि समोरून तर बरी दिसायला लागली होती. मग चेतना आली, तिने फिरतं स्टँड गर्रकन वळवलं आणि म्हणाली, “काका, बाजूने ही कोण आहे?”

बाजूने कोणीच नव्हतं. पुढे गार्गीचा मुखवटा आणि मागे माठ. बिल्डिंगच्या फक्त दर्शनी भिंतीचा नकाशा काढून मी बिल्डिंग झाली म्हणून खूश होतो. घरी येऊन सगळे अल्बम काढले. श्रेयसने टोरांटोहून त्याच्याकडचे सगळे फोटो पाठवले. एकही बाजूने नाही. तुझ्या बहिणीला कॅमेऱ्याचा वास यायचा. कुठेही उभी असली तरी वळून समोर बघायची.

भीमराजांचा एक नियम होता, तो चेतनाही पाळते. गेलेल्या माणसाचं डोकं नुसत्या फोटोवरून करायचं नाही, रक्तातलं माणूस एकदा तरी समोर बसवायचं. हाडं घराण्यात सारखी असतात, फोटोत ती सापडत नाहीत, असं ते म्हणत. श्रेयस माझ्यावर गेलाय, त्याचा उपयोग नाही. उरलीस तू. तुम्हा बहिणींची नाकं एकाच मापाची आहेत हे तुमचे नानाही कौतुकाने सांगायचे.

त्या दिवसाबद्दल नवीन काही लिहीत नाही. देहदान गार्गीची इच्छा होती. तू तेव्हा नागपूरला होतीस, तिथून धावतपळत आलीस तोवर मेडिकल कॉलेजची गाडी तिला घेऊन गेली होती आणि तुला तिचा चेहरा शेवटचा बघता आला नाही. त्यावर आपलं पुरेसं बोलणं झालंय, म्हणजे तू बोललीस आणि मी ऐकलं. तो विषय तसाच ठेवून शनिवारी येता येईल का, एवढंच विचारतो.

विद्याधर


८ डिसेंबर २०२४

शर्मिष्ठा,

उत्तर नाही. ठीक आहे, पोस्टाचा दोष आहे असं मी धरून चालतो.

मधल्या काळात गार्गीचं डोकं पडलं. घाबरू नकोस, मातीचं. मोठ्या डोक्याची माती नुसती एकावर एक रचत नाहीत, आत सांगाडा लागतो. मधे एक उभा लोखंडी पाईप, त्यावर तारेचे दोन गोल, आणि त्या गोलांच्या आत तारेने टांगलेले लाकडाचे छोटे क्रॉस. त्या क्रॉसना चेतना फुलपाखरं म्हणते. ओली माती जड असते, ती खाली घसरायला बघते आणि फुलपाखरं तिला धरून ठेवतात. मी इतकी वर्षं लोकांना बीम-कॉलम समजावले, म्हणून मला वाटलं ही लाकडं कशाला हवीत, नुसता पाईप बास आहे. मंगळवारी माती ओली करून ठेवायला गाळ्यात गेलो तर गार्गी हनुवटीपर्यंत पाईप गिळून पाटावर बसलेली. चेतनाने दोन फुलपाखरं आणून माझ्या हातावर ठेवली. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

पुन्हा सुरुवात केली, या वेळी फुलपाखरांसकट. पण अडचण तिथेच आहे. आमच्या सोफ्यावर गार्गी कायम माझ्या उजव्या हाताला बसायची, त्यामुळे तिची डावी बाजू मला थोडीफार येते. उजवी अजिबात येत नाही. उजव्या कानाची पाळी सुटी होती की गालाला चिकटलेली, हे मला आठवेना. इतकी वर्षं एका घरात राहिलेल्या माणसाला हे सांगता येऊ नये, याची मला लाज वाटते. वर्गात कोणाला बोललो नाही, तुला लिहितोय.

आणि डोकं मागून कसं होतं, ते तर विचारूच नकोस.

एक सांगून ठेवतो. मला आजारातली गार्गी करायची नाही. ती त्याआधीची करायची आहे, गाल भरलेले असतानाची, तुझ्याशी फोनवर बोलताना ओरडायची तेव्हाची. हे शोकेसमध्ये ठेवायला चाललेलं नाही. मला ती एकदा सगळीकडून बघायची आहे, आणि तुलाही बघता यावी असं वाटतं.

विद्याधर


२२ डिसेंबर २०२४

शर्मिष्ठा,

आज बोरिवलीला येऊन गेलो. तुझ्याकडे नाही, वॉचमनला का त्रास द्या. चेतनाने सगळ्या वर्गाला कान्हेरीला नेलं होतं.

तू नॅशनल पार्काच्या इतक्या जवळ राहतेस की तुला त्या लेण्यांचं काही वाटत नसेल. आज मी पहिल्यांदा त्या नीट बघितल्या. भिंतीतून बुद्ध बाहेर येतो, छाती येते, गुडघे येतात, पण पाठ डोंगरातच राहते. याला उठावाचं शिल्प म्हणतात. ते समोरून बघायचं असतं आणि समोरूनच पूर्ण असतं. चेतना म्हणाली, “काका, तुम्ही करत होतात ना, ते हे. उठाव करायला बसलात आणि ठेवलंत फिरत्या स्टँडवर. वाट लागणारच.” सर्व बाजूंनी फिरून बघता येईल असं शिल्प वेगळं. त्यात लपायला भिंत नसते.

मग तिने आम्हाला एका बुद्धाजवळ उभं केलं आणि उजेड कुठून येतोय ते बघायला सांगितलं. ती म्हणाली, गालाला रेघ नसते, सावली असते; तुम्ही सगळे रेघा शोधत बसता. दुपार कलली तसा त्या दगडाचा चेहरा बदलत गेला. ती लहान असताना तिचे वडील तिला इथे आणायचे आणि डोळे मिटून दगडावर हात फिरवायला लावायचे, असं तिने सांगितलं. आता तसा हात लावता येत नाही, गार्ड शिट्टी मारतो. बरंच आहे ते, नाहीतर आम्ही सगळ्यांनी मिळून बुद्धाचं नाक झिजवलं असतं.

परत येताना रिक्षा तुझ्या रस्त्यावरून गेली. तुझ्या गॅलरीत लाल चादर वाळत होती. ती गार्गीने तुला दिलेली आहे, मला माहीत आहे, कारण तिचा जोड आमच्याकडे आहे.

यापुढे तुला आग्रह करणार नाही. वर्ग दर शनिवारी सकाळी असतो. मेट्रोने ये, साकीनाका स्टेशनवर उतर. तुला बोरिवलीहून आणि मला मुलुंडहून साधारण सारखंच पडतं.

विद्याधर


बोरिवली (पूर्व)
४ जानेवारी २०२५

भाऊजी,

तुमची तिन्ही पत्रं पोचली. पोस्टाचा काही दोष नाही.

माझं नाक घेऊन तुमचं काम होणार नाही. गार्गीच्या नाकावर डाव्या अंगाला छोटा उंचवटा होता. चौथीत असताना झोपाळ्यावरून पडली तेव्हाचा. माझ्या नाकावर तो नाही. इतकी वर्षं डाव्या बाजूला बसून तुम्हाला तो दिसला नाही, यात नवल नाही.

शनिवारी येते. त्या दिवसाचा विषय काढायचा नाही. चहा घेणार नाही.

शर्मिष्ठा


मुलुंड (पूर्व)
१२ जानेवारी २०२५

शर्मिष्ठा,

चहा घेणार नाही म्हणून लिहिलंस आणि चेतनाने केलेला आल्याचा चहा मागून घेऊन प्यायलीस. हे मी फक्त नोंद म्हणून लिहितोय.

काल समोर बोलता आलं नाही ते लिहितो. तू येशील असं मला वाटलं नव्हतं. जिन्यात तुझ्या चपलांचा आवाज आला तेव्हा मी उगीचच माती मळायला घेतली, जी आधीच मळलेली होती. तू आलीस, मातीच्या गार्गीकडे एकदा बघितलंस आणि म्हणालीस, “ही कुठली बाई?” मला वाईट वाटलं, पण खरं सांगू, बरंही वाटलं. दोन वर्षांनी तू मला काहीतरी बोललीस.

चेतना तुझ्या चेहऱ्यावर कॅलिपर लावत होती तेव्हा तू डोळे घट्ट मिटून बसली होतीस. कानापासून नाकापर्यंत, हनुवटीपासून केसांपर्यंत ती मापं घेत होती आणि मी मातीवर खुणा करत होतो. एकेका खुणेसरशी माझा माठ आत जात होता. मला पुष्कळ चुकीचं माहीत होतं. तुम्हा बहिणींच्या कपाळाचं हाड भुवईच्या वर बाहेर येतं, मी ते सपाट केलं होतं.

आणि मग तू उठून मागे गेलीस. चेतनाला विचारलंस, “हात लावू का?” आणि उत्तराची वाट न बघता डोक्याच्या मागच्या मातीत बोटं घातलीस. “शाळेत जाताना रोज मी हिची वेणी घालायची आणि ही माझी,” असं म्हणालीस. “इथे खोलगट होतं, इथे भोवरा होता, भांग सरळ पडायचाच नाही.” तू बोलत होतीस आणि बोटं चालू होती. मी बाजूला झालो. ज्या बाजूचा एकही फोटो नाही ती तुझ्या बोटांत इतकी वर्षं पडून होती, आणि आम्ही कॅनडाहून फोटो मागवत होतो.

 जाताना तू म्हणालीस, “मान अजून जाड आहे.” पुढच्या शनिवारी ती बारीक करू.

विद्याधर


२३ फेब्रुवारी २०२५

शर्मिष्ठा,

काल तू निघून गेलीस त्यानंतर काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहितो. भांडण पुढे चालवायला लिहीत नाही.

सहा शनिवार इतके चांगले गेले होते की मला वाटायला लागलं होतं, आता आपण माणसांत आलो. नाकावरचा उंचवटा तू केलास, ओठ मी केले, त्यावरून आपण दोनदा वाद घातला आणि दोन्ही वेळा तुझं बरोबर निघालं. काल साचा घ्यायचा दिवस. माती टिकत नाही. वाळते, चिरते, गळून पडते. म्हणून तिच्यावर प्लास्टरचा साचा घ्यायचा, आतली माती खरवडून काढायची आणि त्या पोकळीत पुन्हा प्लास्टर ओतायचं. शेवटी बाहेरचा साचा छिन्नीने फोडून टाकायचा. मूर्ती एकच निघते.

त्यासाठी साच्याच्या पहिल्या पातळ थरात नीळ घालतात. कपड्यांची साधी नीळ. बाहेरून फोडत आत येताना निळं दिसलं की समजायचं, मूर्ती जवळ आली, हात हलका करा. ती नीळ तुझ्या हातात होती. प्लास्टर माझ्या हातात होतं. आणि तू म्हणालीस, “हे सगळं करण्यापेक्षा त्या दिवशी तीन तास थांबला असतात तर काय बिघडलं असतं?”

विषय काढायचा नाही हे तुझंच म्हणणं होतं. तरी मी म्हणालो, ते लोक थांबत नाहीत. तू म्हणालीस, “तुम्ही विचारलंत तरी का?” मी गप्प बसलो. तुझा आवाज चढला, मग माझाही चढला. प्लास्टर आपल्या भांडणासाठी थांबत नाही. भांड्यात ते घट्ट व्हायला लागलं आणि मी रागारागाने ओंजळीने ते गार्गीच्या तोंडावर मारत सुटलो. पांढरंच. चेतना धावत आली तोवर अख्खं डोकं झाकलं गेलं होतं. तू नीळ टेबलावर ठेवलीस आणि गेलीस.

नंतर आम्ही साचा उघडला. मातीत आधीच पत्र्याच्या पट्ट्या उभ्या रोवलेल्या होत्या, त्यामुळे दोन भाग सुटे झाले. आतली माती काढावी लागली, म्हणजे आपण सहा आठवड्यांत केलेली गार्गी मी खरवडून बादलीत टाकली. ते करायला मला जड गेलं. आतून साचा बघितला तर चेहरा उलटा, खोल गेलेला. आपण सरकलो की तोही आपल्याबरोबर वळतो असं वाटतं. मी बराच वेळ इकडे तिकडे सरकत बसलो होतो. 

आता पेच असा आहे. पुढच्या शनिवारी त्यात प्लास्टर ओतायचं. साचा पांढरा, मूर्तीही पांढरी, मधे निळी रेघ नाही. कुठे साचा संपतो आणि कुठे गार्गी सुरू होते, हे फोडणाऱ्याला दिसणार नाही. चेतना म्हणते, “मधे साबणाचं पाणी लावू, साचा सुटा व्हायला मदत होईल, पण छिन्नी कुठे थांबवायची ते कोण सांगणार, काका? नाक गेलं तर गेलं.” माती गेली, त्यामुळे दुसऱ्यांदा साचा घेता येत नाही.

जे काही आहे ते त्या पांढऱ्या गोळ्याच्या आत आहे. ते नीट बाहेर येईल की नाही, मला माहीत नाही.

विद्याधर


७ मार्च २०२५

शर्मिष्ठा,

अक्षर मोठं आणि वाकडं दिसेल. मंगळवारी डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. छान झालं आहे. तारीख कधीची ठरलेली होती, मीच पुढे ढकलत होतो. डॉक्टरांनी महिनाभर धुळीत जायला बंदी केली आहे, आणि प्लास्टर फोडायचं म्हणजे सगळा गाळा धूळच धूळ. ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी ओतकाम मात्र करून आलो. चेतनाने दोन्ही भाग दोरीने आवळले आणि मी ओतलं. साचा ओला असतानाच फुटतो, वाळला की हट्टी होतो. चेतनाने तो ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला आहे.

तू कर. छिन्नी तुझ्या हातात असू दे. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. तिचं डोकं फक्त तुझ्या बोटांना माहीत आहे, आणि नीळ नसेल तर बोटांशिवाय दुसरं काही उरत नाही.

पण त्याआधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. साच्याच्या दिवशी मी गप्प बसलो, कारण उत्तर द्यायला मला बंदी होती. आता मी ती मोडतो आहे. गार्गी काय करेल ते करो.

मी विचारलं होतं. ते लोक म्हणाले होते, संध्याकाळपर्यंत चालेल, बहीण येऊ दे. मीच त्यांना लवकर बोलावून घेतलं.

जायच्या आधी दोन दिवस ती शुद्धीवर होती. मला म्हणाली, “शमी धावत येईल. तिला मला असं दाखवू नका. मी आता मी राहिलेले नाही, आरसा मी कधीचा काढून ठेवायला लावलाय. तिच्या डोळ्यांसमोर वेणी घातलेली मीच राहू दे.” मी म्हणालो, ती मला जिवंत सोडणार नाही. तर म्हणाली, “तुमच्यावर चिडू दे. तुम्हाला सवय आहे. मी सांगितलं हे कळलं तर माझ्यावर चिडेल आणि मी समजूत काढायला नसेन.” तेवढ्यातही तिला हसू आलं होतं. वचन घेऊनच गप्प बसली.

तू तेव्हा दारात उभी राहून जे जे बोललीस ते मी सगळं ऐकून घेतलं, ते याच्यासाठी. मला ते फार लागलं, हेही सांगून टाकतो. दोन वर्षं तुझा राग मी तिची ठेव म्हणून सांभाळला. पण परवा प्लास्टर ओतताना वाटलं की यात तिचं काहीच राहत नाहीये, नुसते आपण दोघं बरबाद होतोय. वचन पाळून पाळून मी तिची एकुलती एक बहीण घालवली. हे तिला आवडलं नसतं.

शिल्पाच्या निमित्ताने तुला बोलावलं ते यासाठीही होतं. तुला तिचा चेहरा मी देणं लागत होतो. आजारातला नाही, तिला दाखवायचा होता तो. आता तो तूच बाहेर काढ. नाक तुटलं तर तुटू दे.

विद्याधर


बोरिवली (पूर्व)
२३ मार्च २०२५

भाऊजी,

डोळ्यात थेंब वेळेवर घालताय ना? श्रेयसला फोन केला होता, तो म्हणाला बाबा गॉगल लावून बसतात आणि स्वतःला हीरो समजतात.

तुमचं पत्र वाचून मी आठवडाभर गार्गीवर चिडले होते. गेलेल्या माणसावर चिडण्यात काही मजा नाही, उलट बोलत नाही. मला ती कशीही चालली असती. केस गेलेली, गाल बसलेली, कशीही. मी काय तिचा चेहरा बघायला येत होते? हे तिला कळायला हवं होतं. आणि तुम्हाला ते तिला सांगता यायला हवं होतं. एवढं बोलते आणि थांबते, कारण तिच्यापुढे कोणाचं काही चाललं नाही हे मलाही ठाऊक आहे. तुम्ही माझी बोलणी खाल्लीत आणि तिचं नाव काढलं नाहीत. माझ्याकडून तुमच्यावर अन्याय झाला, भाऊजी.

आता गाळ्यातली हकीकत. मी गेल्या दोन आठवड्यांत पाचदा जाऊन आले. चेतनाने मला बोथट छिन्नी दिली आणि मारायचं कसं ते दाखवलं. छिन्नी सरळ धरून हलके ठोके, तिरकी घातली की घात. मी मागच्या बाजूने सुरुवात केली, कारण ती मला येते. निळं काही नाही, तरी थोड्या वेळाने कळायला लागतं. साचा सुटायला आला की ठोक्याचा आवाज बदलतो, पोकळ येतो. मग छिन्नी ठेवायची आणि नखाने उचलायचं. चिवट पापुद्रा निघावा तसा तुकडा हातात येतो आणि खाली गुळगुळीत ती.

भोवरा निघाला तेव्हा मी रडले. चेतनाने तेवढ्यात खाली जाऊन वडापाव आणले. शहाणी मुलगी आहे.

डाव्या कानाची कड माझ्या हातून उडाली. तुम्हाला कळायच्या आधी मीच सांगते. चेतना म्हणाली, भरता येईल, कळणारही नाही. मी म्हटलं, भर, पण कळलं तरी चालेल. आता मागचं अख्खं डोकं, मान आणि दोन्ही कान मोकळे झाले आहेत. मान बारीक केली ते बरं झालं.

पुढे अजून सगळं पांढरं आहे. कपाळापासून हनुवटीपर्यंत जाड कवच, आत ती. चेतना म्हणाली, “मावशी, हात बसलाय तुमचा, उद्या चेहरा काढून टाकू या ना.” त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी लवकर पोचले. छिन्नी कपाळावर टेकवली आणि खाली ठेवली.

गार्गीने तुम्हाला सांगितलं होतं, शमीसाठी थांबू नका. तुम्ही तिचं ऐकलंत. मला तिने तुमच्याबद्दल असं काही सांगितलेलं नाही. म्हणून मी थांबले आहे.

साचा वाळू नये म्हणून दिवसाआड जाऊन फडकं ओलं करून येते. डॉक्टर परवानगी देतील तेव्हा या, आधी घाई करून डोळा बिघडवू नका. चेहरा झाकलेला आहे. तुम्ही येईपर्यंत मी तो बघणार नाही.

शमी